बिगरहंगामातले चौदा दिवस

पर्यटनव्यवसायात ‘ऑल इन्क्लूझिव्ह’ नावाचा एक प्रकार आहे. पैसे एकदाच भरावयाचे आणि त्यात खोली, तिन्ही वेळचे जेवण, मधल्या वेळचे खाणे, चहा-कॉफी, पोहण्याचा तलाव असे सारे आले. तुर्कस्तानात याला ‘हेर शेय दाहिल’ म्हणतात. यातला ‘हेर’ म्हणजे आपला ‘हर’ आणि ‘दाहिल’ म्हणजे आपला ‘दाखल’. हर गोष्ट दाखल! ज्या घरात दीर्घ आजाराचे माणूस आहे, त्या घरातील शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीला हे शब्द ऐकून थोडे हसू येते आणि थोडा मोहही पडतो. गेल्या जानेवारीत यजमानांना घेऊन मी भूमध्य समुद्राच्या काठी अशा एका रिसॉर्टमध्ये चौदा दिवस राहिले. तेथे काय ‘दाखल’ होते आणि काय नव्हते, हे आमच्यासारख्या कुटुंबांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहिते आहे.

यजमानांचे वय 76. सहा वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, असल्याचे निदान झाले. मी त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. मुलगा नोकरीनिमित्त जर्मनीत, श्टुटगार्टला असतो. त्याच्या आग्रहावरून नोव्हेंबरात आम्ही पुण्याहून त्याच्याकडे गेलो. घर उबदार, मुलगा-सूनबाई प्रेमळ. मात्र डिसेंबरात तेथे दुपारी साडेचारलाच सूर्य मावळतो आणि दिवसाही बहुधा राखाडी ढगच असतात. यजमानांचे चालणे त्या अंधारात अधिकच मंदावले. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे ते चारचौघांत जेवेनासे झाले होते. हाताच्या कंपामुळे चमच्यातले वरण ताटाबाहेर सांडते, याचा संकोच त्यांना पुण्यातच वाटू लागला होता. लग्नकार्यांना जाणे त्यांनी केव्हाच थांबवले होते. श्टुटगार्टला सूनबाईचे आईवडील भेटीस आले, तेव्हा ‘भूक नाही’ म्हणून ते खोलीतच बसून राहिले. इकडे माझा रक्तदाबही वाढत चालला होता. रात्री तीनदा उठणे, औषधांच्या वेळा आणि स्वयंपाक यांतून माझी झोप तुकड्यातुकड्यांत होई. पुण्याच्या डॉक्टरांनी निघण्यापूर्वी स्पष्ट सांगितले होते, “यांची शुश्रूषा चालू राहायची असेल, तर आधी तुम्ही टिकायला हव्यात.”

जर्मन भाषेत ‘यूबरविंटर्न’ असा एक शब्द आहे. हिवाळा दुसरीकडे काढणे, असा त्याचा अर्थ. तेथील अनेक निवृत्त मंडळी थंडीचे काही आठवडे दक्षिणेकडच्या समुद्रकाठी जाऊन राहतात. तुर्कस्तानातील अंताल्या हा त्यांच्या आवडीचा प्रांत. उन्हाळ्यात खचाखच भरणारी तेथील हॉटेले हिवाळ्यात रिकामी असतात. इमारती आणि कामाची माणसे सांभाळायची असल्याने काही हॉटेले हिवाळाभर दर उतरवून चालू ठेवली जातात. आम्हाला पडलेला दर उन्हाळ्याच्या दराच्या निम्म्याहूनही कमी होता, असे मुलाने सांगितले. आमच्याकडे एकाहून अधिक वेळा प्रवेशाची मुभा देणारा शेंगेन व्हिसा होता, म्हणून जर्मनीत परतण्याची अडचण नव्हती. तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा काढावा लागला. विमानप्रवास साडेतीन तासांचा आणि पुढे सिदे या गावापर्यंत मोटारीने तासाभराचा रस्ता.

जाण्यापूर्वी मुलाने हॉटेलला सात-आठ प्रश्न लेखी विचारले. ते विचारले नसते, तर बराच त्रास झाला असता. हिवाळ्यात बंदिस्त तलावाचे पाणी गरम केले जाते का? लिफ्ट चालू असते का? खोली भोजनगृहापासून किती लांब आहे? न्हाणीघरात पकडण्यासाठी दांडा आणि आंघोळीसाठी खुर्ची मिळेल का? खोली उबदार राखण्याची सोय काय? डॉक्टर हॉटेलात असतो की बोलवावा लागतो? बिगरहंगामात इमारतीचा एखादा भाग आणि काही उपाहारगृहे बंद ठेवण्याची पद्धत असते. त्यामुळे माहितीपत्रकात छापलेले सारेच चालू असेल असे गृहीत धरू नये. प्रवास-विमा काढताना जुना आजार लपवू नये. तो नोंदवलेला नसेल तर दावा नाकारला जाऊ शकतो.

औषधांची सारी तयारी मी स्वतः केली. सगळी औषधे हातातल्या पिशवीत, आठवडाभराची जादा, आणि सोबत मूळ नावांनिशी डॉक्टरांची चिठ्ठी. तुर्कस्तानचे घड्याळ हिवाळ्यात जर्मनीच्या दोन तास पुढे असते. पार्किन्सन्समधील लेव्होडोपा हे औषध वेळेवर न मिळाल्यास शरीर जखडू लागते. म्हणून दोन तासांचा फरक कसा सांभाळायचा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतले. आणखी एक गोष्ट त्यांनी ठळक अक्षरांत लिहून दिली होती. मळमळ-उलटीसाठी सर्रास दिले जाणारे मेटोक्लोप्रमाइड हे औषध पार्किन्सन्सची लक्षणे वाढवू शकते, तेव्हा ते देऊ नये. परक्या मुलुखात नव्या डॉक्टरपुढे हा कागद ठेवणे सोपे जाते. तुर्कस्तानात औषधांच्या दुकानाला ‘एज्झाने’ म्हणतात आणि त्यावर लाल रंगात ‘ई’ हे अक्षर असते. रात्री पाळीपाळीने एखादे दुकान उघडे असते. तातडीच्या मदतीसाठी तेथेही 112 हाच क्रमांक आहे.

आम्ही पोहोचलो तेव्हा पाऊस पडत होता. डिसेंबर-जानेवारी हे त्या किनाऱ्यावरचे पावसाचे महिने. दिवसा पारा 15 अंशांच्या आसपास, रात्री त्याहून बराच खाली. समुद्रकाठच्या छत्र्या मिटवून ताडपत्रीखाली रचून ठेवलेल्या, बाहेरचा मोठा तलाव रिकामा, तळाशी वाळलेली पाने. हिरमुसले व्हावे असेच सारे दृश्य. पण दुसऱ्या दिवशी ढग सरले आणि उत्तरेला तोरोस पर्वताची बर्फाच्छादित रांग दिसली. खाली रस्त्याच्या कडेला संत्र्यांनी लगडलेली झाडे आणि वर बर्फ, असे दृश्य यजमान खिडकीशी बसून कितीतरी वेळ पाहत होते. सकाळी आठनंतर सूर्योदय आणि सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्यास्त. श्टुटगार्टहून आलेल्या आम्हाला सायंकाळचा तो उजेड फार मोलाचा वाटला.

पहिला अनपेक्षित लाभ मिळाला तो ओवरीसारख्या लांब बोळात. पार्किन्सन्सच्या रुग्णाचे पाय मध्येच, विशेषतः दारात किंवा वळणावर, जमिनीला चिकटल्यासारखे होतात. अशा वेळी जमिनीवर आडव्या रेषा असतील, तर एकेक रेषा ओलांडण्याच्या निमित्ताने पाऊल उचलले जाते. मोजत किंवा तालावर चालल्यानेही असेच होते. हे फिजिओथेरपिस्टने आम्हाला शिकवले होते. त्या बोळातल्या गालिच्यावर हातभर अंतराने आडवे पट्टे होते. यजमान त्यांवरून सहज चालत गेले आणि टोकाला जाऊन वळून म्हणाले, “अगं, हा गालिचा माझ्यासाठीच विणलाय!” त्या दिवसापासून न्याहारीपूर्वी बोळाच्या चार फेऱ्या हा त्यांचा नेम झाला. पुण्याला परतल्यावर खोलीपासून न्हाणीघरापर्यंत रंगीत चिकटपट्ट्या लावल्या, त्या यावरूनच.

भोजनगृहाची मला धास्ती होती. हंगामात तेथे ताटे घेऊन रांगा लागत असणार. जानेवारीत मात्र बरीचशी टेबले रिकामी असत. थाळी हातात धरून पदार्थांमधून फिरणे यजमानांना शक्य नव्हते. पहिल्या दिवशी मी त्यांना बसवून दोन ताटे आणावयास निघाले, तोच एक तरुण वाढपी त्यांच्याकडे गेला आणि ‘अम्जा’ म्हणून त्यांना काही विचारू लागला. ‘अम्जा’ म्हणजे काका. वयस्क स्त्रीला ते ‘तेय्झे’, म्हणजे मावशी, म्हणतात. भाषा कळत नसली तरी नाते कळले. दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यातले, भिंतीकडे पाठ असलेले एक टेबल त्याने आमच्यासाठी राखले. सूप तो उथळ बशीऐवजी दोन कानांच्या खोल वाडग्यात आणी आणि पेला अर्धाच भरी. या गोष्टी त्याला कोणी सांगितल्या नव्हत्या. रिकाम्या हंगामात त्याला निरखायला वेळ होता, हे त्याचे खरे कारण असावे.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या टेबलावरील वृद्ध जर्मन जोडप्याशी यजमान खुणांनी बोलत होते आणि बोलता बोलता जेवत होते. चमच्यातून थोडे सांडले. कोणी पाहिले नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखे केले. त्या जोडप्यातील गृहस्थांचेही हात थरथरत होते. दोन वर्षांनंतर यजमान परक्या माणसांसमवेत पोटभर जेवले. मी काहीच बोलले नाही. बोलले असते तर ते पुन्हा संकोचले असते.

जेवणाविषयी शाकाहारी वाचकांना उत्सुकता असेल. मसुराचे पिवळसर दाट सूप, ‘मेर्जिमेक चोर्बासी’, आमच्या आमटीची आठवण करून देई. गव्हाच्या दलियासारखा बुल्गूर, दही, ताकाच्या जातीचे आयरान, ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्या, ताजा पाव. मात्र सूप किंवा भात मांसाच्या रश्शात शिजवलेला नाही ना, हे विचारून घ्यावे लागते. ऑलिव्ह, पांढरे चीज आणि लोणची यांत मीठ भरपूर असते. रक्तदाबाच्या रुग्णांनी हात आखडता घ्यावा. मी ऑलिव्ह दोनावरच थांबवले होते. या प्रांतात हिवाळा हा लिंबूवर्गीय फळांचा हंगाम. न्याहारीला संत्र्यांच्या शेजारी पपनसासारखे ग्रेपफ्रूटही असे. सिमव्हास्टॅटिन, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन यांसारखी कोलेस्टेरॉलची आणि रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांनी ग्रेपफ्रूट टाळावे असे सांगितले जाते, कारण त्यामुळे औषधाचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. संत्र्याची हरकत नसते. लेव्होडोपाची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी देण्याचा आमचा नेम आहे, कारण प्रथिनयुक्त अन्नामुळे तिचे शोषण कमी होऊ शकते. न्याहारीची वेळ ऐसपैस असल्याने तो नेम घरच्यापेक्षाही नीट पाळता आला.

पाचव्या रात्री एक प्रसंग घडला. जेवण चांगले होते. यजमानांनी भात आणि वर बक्लावाचे दोन तुकडे घेतले. उठताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते खुर्चीतच कलंडले. शेजारच्या टेबलावरील जर्मन बाई निवृत्त परिचारिका होत्या. त्यांनी आणि वाढप्याने मिळून यजमानांना जमिनीवर आडवे केले आणि पाय उंच धरले. दोन मिनिटांत त्यांना हुशारी आली. तरीही डॉक्टरला बोलावले. रक्तदाब उतरला होता. पार्किन्सन्समध्ये उभे राहताच रक्तदाब घसरण्याची प्रवृत्ती असते आणि पिष्टमय, भरपेट जेवणानंतर ती वाढते, हे त्यांनी समजावून सांगितले. उपाय साधे होते. थोडे थोडे खाणे, दिवसभर पुरेसे पाणी पिणे, जेवणानंतर काही वेळ बसून राहणे, उठताना आधी पाय हलवून मग टेबलाला धरून उभे राहणे. थंडीत तहान लागत नाही, म्हणून वृद्ध माणसे पाणी कमी पितात. आम्ही पेल्यांचा हिशेब ठेवू लागलो. ‘सारे दाखल’ असलेल्या ठिकाणी पैसे वसूल करण्याच्या भरात जास्त खाल्ले जाते. वृद्धांच्या बाबतीत हा मोह धोक्याचा ठरू शकतो.

याच कारणाने प्रसिद्ध तुर्की हमामाचा मोह आम्ही टाळला. उष्णतेने रक्तवाहिन्या प्रसरण पावतात आणि रक्तदाब आणखी उतरतो. हृदयविकार किंवा रक्तदाबाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेथे जाऊ नये. त्याऐवजी बंदिस्त तलावाच्या उथळ भागात, दांडा धरून, यजमान कोमट पाण्यात चालत. पाण्यात शरीराचा भार हलका होतो. त्यांची पावले तेथे लांब पडत. मी सतत हाताच्या अंतरावर असे. तलावाभोवतीच्या ओल्या संगमरवरावर रबरी तळव्याच्या चपला हव्यातच.

सिदे गाव प्राचीन आहे. त्याच्या नावाचा अर्थ अनातोलियाच्या एका जुन्या भाषेत ‘डाळिंब’ असा होता, असे मानतात. समुद्राच्या अगदी काठावर अपोलोच्या रोमनकालीन देवळाचे पाच स्तंभ पुन्हा उभे केलेले आहेत. एका कोरड्या सकाळी आम्ही टॅक्सीने तेथे गेलो. जुनी फरसबंदी खडबडीत, त्यामुळे चाकांच्या खुर्चीचा उपयोग झाला नाही. वीस पावले चालावे, बाकावर टेकावे, असे करीत तासाभरात पोहोचलो. उन्हाळ्यात त्या गर्दीत असे थांबत थांबत चालणे अशक्यच झाले असते. स्तंभांपाशी यजमानांच्या बुटाची नाडी सुटली. मी खाली बसून ती बांधत होते, तेव्हा जवळून जाणारी एक म्हातारी मला म्हणाली, “कोलाय गेल्सिन.” हॉटेलात परतल्यावर वाढप्याला अर्थ विचारला. काम करीत असलेल्या माणसाला तुर्की लोक असे म्हणतात. ‘तुमचे काम सोपे होवो’ असा त्याचा भाव. आजारी माणसासाठी निराळे शब्द आहेत, ‘गेच्मिश ओल्सुन’, म्हणजे ‘हे सरून गेलेले असो’. त्या बाईने यजमानांना आजारी म्हणून संबोधले नाही. मला काम करणारी म्हणून ओळखले. सहा वर्षांत ‘किती करता हो तुम्ही!’ असे मी पुष्कळदा ऐकले आहे. त्या दोन शब्दांत ना कौतुक होते ना कीव, म्हणूनच ते माझ्या मनात राहिले असावेत.

सारे दाखल असूनही जे दाखल नव्हते, तेही सांगावयास हवे. रात्रीची उठबस तीच होती. आंघोळ घालणे, गुंड्या लावणे, गोळ्यांचा डबा भरणे, यांतले काहीही हॉटेल करीत नाही. सलग तीन दिवस धो धो पाऊस पडला, तेव्हा यजमान खिन्न झाले आणि ‘घरी जाऊ’ म्हणू लागले. रात्री संगीताचा आवाज खोलीपर्यंत येई. तो टाळण्यासाठी खोली बदलून घ्यावी लागली. माझे ओझे कमी झाले ते एकाच बाबतीत, पण ती बाब मोठी होती: आज काय शिजवायचे, हा प्रश्न चौदा दिवस माझ्यापुढे आला नाही. दुपारी यजमान झोपत तेव्हा मीही झोपत असे. दुसऱ्या आठवड्यात माझा रक्तदाब, औषध तेच असताना, निघतानाच्यापेक्षा उतरलेला आढळला.

ते यजमानांनीही टिपले होते. निघण्याच्या आदल्या दिवशी समुद्रासमोर काचेआड बसलो असता ते म्हणाले, “तू इथे दुपारी झोपतेस. घरी मी तुला दुपारी झोपलेली पाहिलेली नाही.” मी म्हणाले, “अहो, इथे स्वयंपाक नाही ना.” ते बराच वेळ गप्प होते. आजारामुळे त्यांचा चेहरा भावहीन दिसतो. मनात काय चालले आहे ते वरून कळत नाही. मग हळूहळू म्हणाले, “पुण्याला गेल्यावर सकाळी कोणी तरी मदतनीस ठेवू. मला आंघोळ त्यानेच घालू दे.” परक्या माणसाने अंगाला हात लावण्यास दोन वर्षे त्यांचा ठाम नकार होता आणि त्या नकारात त्यांचा स्वाभिमान होता, म्हणून मी कधी हट्ट धरला नव्हता. त्या पंधरवड्यात एका अनोळखी मुलाने दिवसातून तीनदा त्यांना मदत केली आणि त्यात त्यांचे काहीच उणे झाले नाही. माझ्या समजुतीप्रमाणे तो निर्णय तेथूनच आला.

आता सकाळी तीन तास एक मदतनीस आमच्याकडे येतात. यजमान त्यांना नावाने हाक मारतात आणि ते यांना ‘काका’ म्हणतात. प्रत्येकाला परदेशी जाणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. आपल्याकडेही प्रत्येक जागेला तिचा रिकामा हंगाम असतो. सुट्ट्या संपल्यानंतरचे कोकणातले एखादे साधे घरगुती निवासस्थान, आठवड्याच्या मधल्या वारी उघडी असलेली बाग, दुपारी साडेतीनचे उपाहारगृह. वृद्ध माणसाला जेवढा सोयींचा, तेवढाच गर्दी नसण्याचा उपयोग होतो. लोकांच्या नजरा आणि घाई टळली की त्याला आपल्या गतीने चालता-जेवता येते. दर बुधवारी दुपारी आम्ही घराजवळच्या उपाहारगृहात जातो. तेव्हा तेथे दोन-तीनच गिऱ्हाइके असतात. यजमान इडली मागवतात आणि सांबार वेगळ्या खोल वाटीत आणावयास स्वतःच सांगतात.